७ दिवसांची नोटीस, ५९ वर्षांची बंदी

३ ऑक्टोबर १९१९. शिकागोचं कोमिस्की पार्क. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा सामना, दुसरा डाव. सिनसिनाटी रेड्सकडून चेंडू टाकतोय रे फिशर. समोर शिकागो व्हाइट सॉक्सचे बॅटर. त्यांच्यातला जो जॅक्सन फटका मारून पहिल्या बेसवर पोचलाय. त्याच्यामागून आलेल्या हॅपी फेल्शने जोर लावलाच नाही. बॅट नुसती आडवी धरली आणि चेंडू पुढ्यात पाडला. बेसबॉलमध्ये याला बंट म्हणतात. चेंडू फिशरच्याच हाती लागला. पहिल्या बेसकडे टाकला असता तर एक गडी पदरात पडला असता. फिशरला मात्र पुढे धावणारा जॅक्सन हवा होता. त्याने दुसऱ्या बेसकडे चेंडू भिरकावला आणि तो पकडणाऱ्याला चुकवून मागच्या मैदानात गेला. जॅक्सन तिसऱ्या बेसवर, फेल्श दुसऱ्यावर. पुढचा बॅटर चिक गँडिल. त्याच्या एका फटक्यावर दोघेही घरी, म्हणजे सुरुवातीच्या बेसवर, परतले आणि दोन धावा झाल्या. फिशर सात डाव टाकून बाहेर पडला, सामना रेड्स ०-३ असा हरले.

आता यातली गंमत बघा. ही वर्ल्ड सिरीज मुद्दाम हरण्यासाठी व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी सट्टेबाजांशी संधान बांधलं होतं, आणि त्या कटाचा म्होरक्या होता हाच गँडिल. पुढे १९२१ मध्ये या प्रकरणात आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. जॅक्सन, फेल्श आणि गँडिल तिघेही त्यात होते. आणि त्याच वर्षी, त्याच कमिशनरने, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, त्याच ‘कायमचे अपात्र’ यादीत चौथं नाव घातलं रे फिशरचं. म्हणजे त्या दोन धावा काढणारे, काढून देणारा आणि ज्याच्या चुकीमुळे त्या झाल्या तो, चौघेही वाळीत पडले.

तिघांचा गुन्हा उघड आहे. फिशरने काय केलं होतं? त्याने एका कॉलेजात कोचची नोकरी धरली होती.

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा काहीतरी गाळलंय असं मला वाटलं होतं. गाळलेलं काही नव्हतं. पण ते समजायचं तर शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकी बेसबॉल हा धंदा कसा चालायचा हे समजून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी फिशरची कारकीर्द मला सगळ्यात सोयीची वाटते. तो त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू नव्हता. चांगला, भरवशाचा, मधल्या फळीतला पिचर होता. व्यवस्थेचा खरा चेहरा अशाच माणसांना दिसतो. बड्या खेळाडूंसाठी मालक कधीमधी वाकायचे, मधल्या फळीसाठी नाही.

फिशरचा जन्म १८८७ चा, व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी गावचा. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. गावातच मिडलबरी कॉलेज, तिथे शिकला, तिथेच खेळला, हार्टफर्डच्या संघाकडून छोट्या लीगमध्ये चमकला आणि १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या हायलँडर्स संघात गेला. हायलँडर्स म्हणजे आजचे यँकीज. नाव नंतर बदललं. हंगाम संपला की हा गडी व्हरमाँटला परत जाऊन शाळेत लॅटिन शिकवायचा. म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं नाव पाडलं ‘व्हरमाँटचा मास्तर’. वाचताना हे गोड वाटतं, पण त्यामागचं गणित साधं आहे: खेळाचा पगार वर्षातल्या सहा-सात महिन्यांचाच असायचा, उरलेल्या महिन्यांत चूल पेटवायला दुसरं काहीतरी करणं भागच होतं. कुणी दुकानात उभा राहायचा, कुणी शेतावर जायचा. फिशरकडे लॅटिन होतं.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध फक्त चॅनेल बदलताना येतो त्यांच्यासाठी दोन शब्द. पिचर म्हणजे गोलंदाज. तो साठ फूट सहा इंचांवरून, टप्पा न पाडता चेंडू टाकतो. सामना नऊ डावांचा. पिचरची किंमत ठरते ती नऊ डावांमागे सरासरी किती धावा त्याच्या माथी पडतात यावर, त्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा धरत नाहीत. फिशरचा हा आकडा संपूर्ण कारकिर्दीत २.८२ आहे. तेव्हा धावा कमीच व्हायच्या हे खरं, तरीही आकडा चांगला आहे. जिंकलेले सामने १००, हरलेले ९४.

त्याचं मुख्य हत्यार होतं स्पिटबॉल. शब्दशः थुंकीचा चेंडू. हे क्रिकेटवाल्यांना चटकन कळेल, पण इथे हिशेब उलटा आहे. आपल्याकडे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बंदी येईपर्यंत थुंकी लावून चेंडूची एक बाजू चकाकवायचे, म्हणजे तो हवेत वळायचा. स्पिटबॉलमध्ये थुंकी लावायची ती बोटं जिथे टेकतात तिथे. पिचर स्लिपरी एल्म या झाडाची साल चघळून लाळ बुळबुळीत करायचे, ती चेंडूवर लावायचे. बोटांची पकड सुटली की चेंडू फिरकीशिवाय निसटतो, आणि फिरकी नसलेला चेंडू बॅटरपाशी येऊन अचानक खाली बुडी मारतो. पाहायला किळसवाणं, खेळायला महाकठीण. १९२० मध्ये हा प्रकार बंद केला, पण ज्यांचं पोटच त्यावर होतं अशा १७ पिचरना निवृत्त होईपर्यंत सूट दिली. त्या १७ जणांत फिशर होता. त्यांतला शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत राजरोस थुंकी लावत होता. फिशरला ही सूट जेमतेम वर्षभरच उपयोगी पडली, कारण पुढचं सगळं १९२१ मध्ये घडलं.

आता मुख्य मुद्दा. त्या काळच्या प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम असायचं, रिझर्व्ह क्लॉज, म्हणजे राखीव कलम. वकिली भाषा बाजूला ठेवून सांगतो. समजा तुम्ही पुण्यात ११ महिन्यांच्या करारावर घर भाड्याने घेतलं. कराराच्या शेवटी एक ओळ आहे: मुदत संपली की पुढच्या ११ महिन्यांसाठी तुमच्यावर पहिला हक्क याच घरमालकाचा. ठीक, सही केली. ११ महिन्यांनी नवा करार आला, त्यातही तीच ओळ. त्याच्या पुढच्यातही तीच. मधल्या काळात तुम्हाला पुण्यातच काय, राज्यात कुठेही दुसरं घर मिळणार नाही, कारण सगळ्या घरमालकांनी एकमेकांना शब्द दिलाय. भाडं किती ते मालक सांगेल. पटत नसेल तर रस्त्यावर झोपा, पण दुसऱ्याकडे जायचं नाही. मालकाला मात्र वाटलं तर तो तुम्हाला १० दिवसांची नोटीस देऊन बाहेर काढू शकतो, नाहीतर तुम्हाला सामानासकट दुसऱ्या घरमालकाला विकू शकतो.

हेच बेसबॉलमध्ये होतं. करार एका वर्षाचा, बांधिलकी जन्माची. १८७९ मध्ये मालकांनी याची सुरुवात केली तेव्हा प्रत्येक संघाने पाचच खेळाडू राखून ठेवायचे असं ठरलं होतं. मग ते वाढत वाढत सगळ्यांनाच लागू झालं. सुरुवातीला तर म्हणे ‘राखीव’ असणं हा मान वाटायचा, कारण पुढच्या वर्षीची नोकरी पक्की. दावणीची दोरी नवी असते तेव्हा ती दागिन्यासारखी दिसत असावी.

मालकांची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं, हे कलम नसेल तर श्रीमंत शहरांचे संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील, छोट्या शहरांत खेळच उरणार नाही. यात तथ्य अगदीच नाही असं नाही. आपल्या आयपीएलमध्येही खर्चाची मर्यादा आणि खेळाडू राखून ठेवण्याची सोय आहे ती याच भीतीपोटी. फरक इतकाच की आयपीएलच्या खेळाडूचं नाव कधीतरी लिलावात येतं आणि दहा जण त्याच्यासाठी बोली लावतात. फिशरच्या वेळी दुसरी बोली लावणाराच कुणी नव्हता.

नाही म्हणायला १९१४ आणि १९१५ अशी दोन वर्षं होता. फेडरल लीग नावाची तिसरी लीग निघाली, तिने जुन्या लीगांचे खेळाडू फोडायला सुरुवात केली आणि एकाएकी सगळ्यांचे पगार वाढले. त्याच १९१५ मध्ये फिशरने यँकीजसाठी १८ सामने जिंकले, कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम. मग फेडरल लीग बुडाली आणि पगार पुन्हा जागेवर आले. त्या लीगने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली जुन्या लीगांवर खटला भरला होता. तो ज्या न्यायाधीशापुढे चालला त्याने निकालच दिला नाही, जवळपास वर्षभर प्रकरण भिजत ठेवलं, तोवर दोन्ही बाजूंनी तडजोड केली. मालकांना हे फार आवडलं. त्या न्यायाधीशाचं नाव केनेसॉ माउंटन लँडिस. हो, माउंटन म्हणजे डोंगरच. यादवी युद्धात केनेसॉ डोंगराच्या लढाईत वडील जखमी झाले होते, त्यांनी मुलाचं नाव तेच ठेवलं. हे नाव लक्षात ठेवा.

१९१८ मध्ये फिशर सैन्यात होता. परत आला तो सिनसिनाटीला, आणि १९१९ चा हंगाम त्याला सोन्यासारखा गेला: १४ विजय, ५ पराभव. रेड्स लीग जिंकले, मग ती कुप्रसिद्ध वर्ल्ड सिरीजही ५-३ ने जिंकले. १९२० मध्ये मात्र १० विजय आणि ११ पराभव. आकडेवारी नीट पाहिली तर त्याची गोलंदाजी फारशी घसरलेली दिसत नाही, पण मालक जय-पराजयच मोजायचे. १९२१ साठी जो करार आला त्यात पगाराला हजार डॉलरची कात्री लागलेली होती.

एकट्या फिशरचं हे दुखणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचे दोन मोठे खेळाडू, एड राउश आणि हायनी ग्रो, त्याच वसंतात पैशांवरून अडून बसले होते. त्यांना अडून बसणं परवडत होतं. फिशर ३३ वर्षांचा, घरी बायको आणि लहान मुलगी, खांद्याचा भरवसा आणखी किती वर्षं देणार? त्याने कमी पगारावर सही केली.

आणि नेमकं तेव्हाच मिशिगन विद्यापीठाचं बोलावणं आलं. विद्यापीठाला बेसबॉलचा कोच हवा होता. फिशरचं नाव पुढे करण्यात ब्रँच रिकीचा हात होता. हा रिकी एकेकाळी मिशिगनलाच कायदा शिकत शिकत कोचिंग करायचा, १९२१ मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्सचा मॅनेजर होता, आणि पुढे १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिनकडून उतरवून गोऱ्यांच्या बेसबॉलची भिंत पाडणारा म्हणून जगाला माहीत झाला.

इथे कॉलेजच्या कोचची नोकरी म्हणजे काय हे सांगायला हवं. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखान्याची खोली, एक पीटीचे सर आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या दिवशी जमवलेले अकरा जण. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात तसं नव्हतं आणि नाही. तिथे कोच हा पूर्णवेळ पगारी माणूस, हाताखाली मैदान, संघ, ठरलेलं वेळापत्रक, तिकीट काढून येणारे प्रेक्षक. १९२१ च्या खेळाडूच्या नजरेतून पाहा: एका पारड्यात एका वर्षाचा करार, तोही १० दिवसांत संपू शकणारा, वर पगारकपात, दुसऱ्या पारड्यात एका जागची, वर्षानुवर्षं चालू शकणारी नोकरी, आणि खांदा निखळला तरी न जाणारी. खेळाडूंची पेन्शन १९४७ मध्ये सुरू झाली. त्याआधी निवृत्त झालेल्याच्या हाती फक्त आठवणी.

अडचण एकच. कॉलेजचा हंगामही वसंतात, व्यावसायिक हंगामही वसंतातच सुरू होतो. दोन्ही जमणं शक्य नव्हतं.

फिशर चोरून गेला नाही. मॅनेजर पॅट मोरनच्या परवानगीने तो ॲन आर्बरला जाऊन आला. (हे तेच ॲन आर्बर, आपल्याकडची मुलं एमएस करायला जातात ते.) नोकरी मिळाली तसं त्याने क्लबला कळवलं. मग क्लबचे अध्यक्ष गॅरी हर्मन जागे झाले, सोडायला तयार होईनात. फिशरने राहण्यासाठी एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार मागितला, तो त्यांना द्यायचा नव्हता. फिशर मिशिगनला गेला. आपण स्वेच्छेने निवृत्त झालेल्यांच्या यादीत असू, कॉलेजचा हंगाम उरकल्यावर पुन्हा खेळायचं दार उघडं राहील, असा त्याचा समज होता.

तो खोटा ठरला. त्याच्यावर ठपका आला की त्याने १० दिवसांची नोटीस द्यायला हवी होती, ती ७ च दिवसांची दिली. वर त्या उन्हाळ्यात त्याने पेनसिल्व्हेनियातल्या फ्रँकलिन गावच्या एका स्वतंत्र संघाशी बोलणी केली. लीगच्या छत्राबाहेरच्या असल्या संघांना ‘आउटलॉ’ म्हणत, आणि तिथे करार मोडून आलेले खेळाडू असायचे. हेही त्याच्या खात्यावर मांडलं गेलं. आपल्याकडे २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगला गेलेल्या खेळाडूंना बीसीसीआयने दारं बंद केली होती ते ज्यांना आठवतंय त्यांना हा वास ओळखीचा वाटेल. तिथे निदान दोन वर्षांत माफी मिळाली.

निकाल देणारा होता लँडिस. १९१९ च्या घोटाळ्याने घाबरलेल्या मालकांनी नोव्हेंबर १९२० मध्ये त्याला बेसबॉलचा पहिला कमिशनर नेमलं होतं, अमर्याद अधिकार देऊन. ज्या न्यायाधीशाने आपला खटला भिजत ठेवला त्यालाच मालकांनी सर्वेसर्वा केलं, यावर आपण काही बोलायला नको. लँडिसने फिशरला कायमचं अपात्र ठरवलं. ऑगस्ट १९२१ मध्ये व्हाइट सॉक्सचे आठ जण शिकागोच्या न्यायालयात निर्दोष सुटले, आणि दुसऱ्याच दिवशी लँडिसने त्यांनाही कायमचं बाहेर केलं.

लँडिसची वकिली करायची म्हटली तर करता येते. फिशरने सही केली होती, सही केल्यावर हंगामाच्या तोंडावर निघून जाणं क्लबला अडचणीचंच. शिवाय नव्या कमिशनरला धाक बसवायचा होता. पण शिक्षेचं माप बघा. सामना विकण्याला जी शिक्षा, तीच तीन दिवस कमी नोटीस देण्याला. माझ्या मते यातून एकच गोष्ट स्पष्ट होते: मालकांच्या दृष्टीने बेइमानी आणि नोकरी सोडणं हे दोन्ही एकाच जातीचे गुन्हे होते, कारण दोन्हींनी त्यांच्या धंद्याचा पाया हलत होता. खेळाडू विकला जाऊ शकतो हे चालत होतं, फक्त विकणारा मालक असायला हवा.

हे मी रागाच्या भरात म्हणतोय असं वाटत असेल तर त्याच सामन्यात समोरून चेंडू टाकणाऱ्याचं पुढे काय झालं ते ऐका. डिकी कर. व्हाइट सॉक्सचा हा बुटका पिचर कटात नव्हता. आपल्याच संघातले लोक हरायला खेळत असताना त्याने त्या दिवशी रेड्सना एकही धाव करू दिली नाही. प्रामाणिकपणाचं इतकं ठसठशीत उदाहरण त्या सिरीजमध्ये दुसरं सापडणार नाही. १९२२ मध्ये याच करने पगार पटत नाही म्हणून करार नाकारला आणि लीगबाहेरच्या संघातून, बंदी असलेल्या खेळाडूंच्या विरुद्ध खेळला. लँडिसने त्यालाही बाहेर बसवलं, १९२५ पर्यंत. म्हणजे ३ ऑक्टोबर १९१९ ला समोरासमोर चेंडू टाकणारे दोन्ही प्रामाणिक पिचर शेवटी राखीव कलमानेच बाद केले.

न्यायालयात दाद? १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की बेसबॉल हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हेच, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. संघ आगगाडीत बसून राज्यं ओलांडत होते, तिकिटं विकत होते, तरी तो व्यापार नव्हता. राखीव कलमाचं कंबरडं मोडलं ते थेट डिसेंबर १९७५ मध्ये, पीटर साइट्झ नावाच्या लवादाने करारातल्या ‘एक वर्ष’ या शब्दांचा अर्थ एक वर्ष असाच लावला तेव्हा. ९६ वर्षं लागली.

फिशर मात्र तेवढा थांबणार नव्हता. त्याला काम होतं.

मिशिगनला तो १९२१ मध्ये रुजू झाला आणि १९५८ पर्यंत राहिला. ३८ हंगाम, ६०० हून जास्त विजय, बिग टेन या मानाच्या विभागाची डझनाहून जास्त विजेतेपदं. आकड्यांत मी जास्त रमत नाही, कारण कोचचं काम आकड्यांत दिसत नाही. बाकीचे उद्योगही होते: नव्या मुलांच्या फुटबॉल संघालाही तो शिकवायचा, आणि त्या संघातून खेळून गेलेला जेराल्ड फोर्ड नावाचा एक मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९२९ आणि १९३२ मध्ये त्याने विद्यापीठाचा संघ बोटीने जपानला नेला. जपानी विद्यापीठांत बेसबॉलचं तेव्हाही वेड होतं.

त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९४१ मध्ये मिशिगनच्या डिक वेकफील्डला डेट्रॉइट टायगर्सने नुसत्या सहीसाठी ५२,००० डॉलर मोजले. एवढे पैसे कशाला? कारण कॉलेजचा मुलगा अजून कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो. आयुष्यात एकदाच, पहिल्या सहीच्या आधी, त्याच्यासाठी दहा संघ बोली लावू शकतात. सही झाली की तो राखीव. राखीव कलमामुळे खेळाडूची खरी किंमत किती दाबली जात होती याचं यापेक्षा चांगलं मोजमाप नाही. आणि ही किंमत वसूल करणारा पोरगा घडवला कुणी, तर हजार डॉलरच्या कपातीपायी वाळीत पडलेल्या माणसाने.

उन्हाळ्यात फिशर व्हरमाँटला जायचा आणि तिथल्या नॉर्दर्न लीगमध्ये कॉलेजच्या पोरांचा संघ चालवायचा. १९४६ आणि १९४७ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे रॉबिन रॉबर्ट्स नावाचा पिचर होता. मुलगा मिशिगन स्टेटचा, म्हणजे एरवी कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा. कॉलेजच्या हंगामात ज्याच्याविरुद्ध डावपेच लढवायचे त्याला उन्हाळ्यात फिशर चेंडू टाकायला शिकवत होता. रॉबर्ट्सने पुढे मेजर लीगमध्ये २८६ सामने जिंकले, हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि फिशरचं ऋण मोकळेपणाने मानत राहिला. मला यात कोच दिसत नाही, लॅटिनचा मास्तर दिसतो. शाळा कुठलीही असो, पोरगं हुशार आहे ना, मग बस.

१९५३ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, फिशरने मिशिगनला ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. अंतिम सामन्यात टेक्सासला ७-५ ने हरवलं. आदल्याच वर्षी हे विजेतेपद होली क्रॉस कॉलेजने मिळवलं होतं, आणि त्यांचा कोच होता जॅक बॅरी, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा जुना खेळाडू, फिशरच्याच पिढीचा, कोच म्हणून १९२१ मध्येच रुजू झालेला. बॅरीच्या त्या जुन्या ॲथलेटिक्स संघातला जॅक कूम्ब्स, ज्याने १९१० च्या एका हंगामात ३१ सामने जिंकले होते, तो ड्यूक विद्यापीठात १९२९ ते १९५२ कोच होता. दरवर्षी नव्या करारासाठी मालकाच्या तोंडाकडे बघणारी ही पिढी कॉलेजांत गेली आणि तिथे वीस, अडतीस, चाळीस वर्षं टिकली. कॉलेज बेसबॉलचा पाया असा घातला गेला. अर्थात लँडिसचा तसा काही हेतू नव्हता.

गंमत म्हणजे बंदी कागदावर असताना मेजर लीगचे संघ फिशरला सर्रास बोलवत होते. निवृत्तीनंतर साठच्या दशकात मिलवॉकी ब्रेव्ह्ज आणि डेट्रॉइट टायगर्स यांच्या सराव शिबिरांत तो पिचरना शिकवायला जायचा. कायमचा अपात्र माणूस लीगच्या खेळाडूंना लीगच्या मैदानावर धडे देत होता आणि कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. बंदी इतकी निरर्थक झाली होती की ती उठवायचीही कुणाला आठवण राहिली नाही. मिशिगनच्या मैदानाला तर तोवर त्याचंच नाव लागलं होतं, रे फिशर स्टेडियम.

शेवटी मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न शाखेतले एक प्राध्यापक डोनाल्ड प्रॉक्टर यांनी जुने कागद उकरले, जुन्या विद्यार्थ्यांनी पत्रं लिहिली आणि १९८० मध्ये कमिशनर बोवी कून यांनी कळवलं की बेसबॉलच्या लेखी रे फिशर हा सन्मानाने निवृत्त झालेला खेळाडू आहे. फिशरने नव्वदी ओलांडली होती. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, ॲन आर्बरला तो वारला.

त्या दुसऱ्या डावातली बाकीची तिघं, जॅक्सन, फेल्श आणि गँडिल, यादीतच राहिली. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी माणूस मेल्यावर संपते, तेव्हा त्यांचीही नावं निघाली. जॅक्सनला जाऊन तोवर ७३ वर्षं झाली होती.